केन ऑल्डरॉइडचा शंभरावा गोल

मी, डोरीन ऑल्डरॉइड, कै. केन ऑल्डरॉइड याची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार ६ टेंटर लेन, हॅलोशॉ, यॉर्कशायर, हे पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्या मुलीला शंका असेल तर तिने तो पाहावा. याआधीचे मृत्युपत्र मी शेगडीत जाळले आहे.

एक. घर आणि बँकेत जे असेल ते मुलगी ग्लेनिस हिला. मागच्या दाराशी केनच्या मालिशच्या तेलाचा वास येतो, तो तिने घालवण्याच्या फंदात पडू नये. मी तीस वर्षे प्रयत्न केला. आता तो गेला तर मला चालणार नाही.

दोन. फुटबॉल खेळणे सुटल्यावर केन घरे रंगवायचा. त्याचे ब्रश आणि दोन्ही शिड्या जावई कॉलिन याला. त्याने आयुष्यात ब्रश हातात धरलेला नाही, तरी आशा सोडू नये.

तीन. माझी पुस्तके हॅलोशॉच्या वाचनालयाला. चौदाव्या वर्षी गिरणीत गेले, शाळा तिथेच संपली. पुढचे सगळे केन बाहेरगावी सामन्यांना जायचा त्या शनिवारांत शिकले. त्याचा संघ वरच्या वर्गात असता तर मी इतके वाचले नसते, कारण मग सामने पाहण्यासारखे असते.

चार. केनचा कंगवा रे पिकर्सगिल याला. कारण खाली आहे.

पाच. काचेच्या कपाटातला चेंडू. एका सामन्यात तीन गोल करणाऱ्याने चेंडू घरी न्यायचा आणि त्यावर सगळ्यांनी सह्या करायच्या, असा रिवाज आहे. केन अकरा वर्षे हॅलोशॉ टाउन या फुटबॉल क्लबसाठी, लीगच्या चौथ्या म्हणजे सर्वांत खालच्या वर्गात, पुढच्या फळीत खेळला आणि त्याने असा चेंडू एकदाच आणला, एप्रिल १९६४ मध्ये. त्या दिवशीचा तिसरा गोल त्याचा एकूण शंभरावा. कोपऱ्यावरून चेंडू आला, समोरच्या संघाचा बचावपटू लेन क्रॅग उडाला, आणि चेंडू जाळ्यात. केनने पंचांना सांगितले की शेवटी तो माझ्या केसांना लागून गेला. पंचांनी वहीत केनचे नाव लिहिले.

केनला तेव्हा टक्कल पडून चार वर्षे झाली होती.

पुढे पंचेचाळीस वर्षे क्लबच्या बारमध्ये तो शिरला की रे पिकर्सगिल ओरडायचा, "कुठल्या केसाला रे, केन?" सगळा बार हसायचा, केनही हसायचा. मीही कमी नव्हते. एका नाताळाला, सगळ्यांसमोर, मी म्हटले, "निदान बायकोला तरी खरं सांग." तो बटाटे वाढून घेत म्हणाला, "लागला म्हणतो ना, डोरीन." मी आठवडाभर त्याला गोलचोर म्हणत होते.

केनला पुरून आलो त्या दुपारी लेन क्रॅग दारात आला, हातात डुकराचे मांस भरलेली खारी पेस्ट्री घेऊन. चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाला, "मिसेस ऑल्डरॉइड, तो गोल मी माझ्याच जाळ्यात घातला होता. तुमचा नवरा आणि चेंडू यांच्यामधून आख्खी बस गेली असती."

बचावपटू आणि त्याने अडवायचा खेळाडू नव्वद मिनिटे एकमेकांना चिकटून उभे राहिले की घरचे बोलतात. त्या हंगामात क्रॅगने आधीच दोनदा स्वतःच्या जाळ्यात गोल घातले होते. तिसरा झाला तर करार संपला, असे त्याचा मॅनेजर म्हणाला होता. राहते घर त्याच्याच क्लबचे होते आणि बायकोचे दिवस भरत आले होते. हे त्याने मध्यंतरापूर्वीच केनला सांगितले होते. "मी चिखलात तोंड खुपसून पडलो होतो," क्रॅग म्हणाला. "केननं हात वर केला आणि पळता पळता म्हणाला, ऊठ की, माझा आहे तो." पुढे केनने त्याच्याकडून वचन घेतले, केन जिवंत असेपर्यंत गप्प राहायचे.

म्हणून चेंडू क्रॅगला. तो नको म्हणाला आहे. तरी द्यावा.

सहा. हे पाचवे कलम क्लबच्या बारमध्ये, शनिवारी, सामना संपल्यावर, मोठ्याने वाचावे. रे हजर असल्याची खात्री करून घ्यावी. कंगवा तेव्हाच द्यावा. त्याने केनला मारलेल्या टोमण्यांबद्दल माझी तक्रार नाही. मी मारलेल्यांची माफी मागायला माणूसच उरला नाही.

सात. मला केनशेजारी पुरावे. भजने दोनच, आणि छोटी.

आठ. मैदानात गोलखांबांमागच्या बाकावर क्लबने पितळी पाटी लावली आहे: केन ऑल्डरॉइड, शंभर गोल. ती माझ्या खर्चाने काढून नवी लावावी. नाव तेच. खाली: नव्याण्णव गोल. बाकी काही कोरू नये. कोणी विचारले तर क्रॅग सांगेल.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, हे मी वाचून काढले आहे. म्हणून ही सही होईपर्यंत क्रॅग बाहेर जिन्यावर चहा पीत बसला आहे.

ठिकाण: हॅलोशॉ. १४ मार्च २०११.

(सही) डोरीन ऑल्डरॉइड

आमच्या दोघींच्या देखत तिने सही केली, चष्मा लावून, आधी सगळे पुन्हा एकदा वाचून:
(सही) विनिफ्रेड सटक्लिफ, ग्रंथपाल
(सही) आयव्ही बूथरॉइड, शेजारीण