माशांना मशीनचं, माणसांना नळाचं

कर्जत
रविवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

चि. अंतरा हिला नानाकाका आणि द्वारकाकाकूचे पोटभर आशीर्वाद.

आमच्या तब्येती ठणठणीत. तुझी सर्दी गेली का? तुझे मासे आठच्या आठ जिवंत आहेत, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. (फोन केला नाही, कारण फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस.)

नागपूरच्या ट्रेनिंगला जाताना तू ती माशांची नि पाणझाडांची टाकी आमच्याकडे ठेवलीस आणि सूचनांचा कागद दिलास. दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदला, नळाचंच घ्या, त्यात बाटलीतल्या औषधाचे दोन थेंब टाका. आता मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. ‘नळाचंच’ वाचून मला वाटलं, पोर भिडस्त आहे, म्हाताऱ्यांना त्रास नको म्हणून लिहिलंय. आमच्या जुन्या पाइपातून पावसाळ्यात कसल्या रंगाचं पाणी येतं ते तुला ठाऊक आहे (लहानपणी तू त्यात साखर मागितली होतीस). घरी आलेल्या पाहुण्यांना असलं पाणी द्यायचं? आपल्या घराण्यात ते बसत नाही.

तुझी काकू पाणी शुद्ध करायच्या मशीनसाठी अकरा वर्षं मागे लागली होती. आपले वाडवडील विहिरीचं पाणी पिऊन नव्वदीला पोचले, असं सांगून मी अकरा वर्षं टोलवलं. माशांसाठी मात्र दोन दिवसांत चौकच्या साईनाथ फिटरला बोलावून मशीन भिंतीवर ठोकून घेतलं. काकू तडक स्वयंपाकघरात गेली. (आठवडाभर आमटीत मीठ नव्हतं.) वर मी नियम केला की मशीनचं पाणी टाकीला, घरच्यांनी नळाचं उकळून प्यावं. एक बादली शुद्ध देताना ते मशीन दोन बादल्या पाणी बाहेर सोडतं. त्या पाण्याने काकू फरशी पुसायची आणि मला मुद्दाम चारचारदा पाय वर घ्यायला लावायची.

तिसऱ्या रविवारनंतर तुझं ते लाल पानांचं लाडकं झाड, चार वर्षं जपलेलं, पिवळं पडायला लागलं. मी म्हटलं, शुद्धता कमी पडतेय. दिवसाआड पाणी बदलू लागलो. पानं आरपार दिसायला लागली, मासे कोपऱ्यात तोंड फिरवून बसले. अगं, रडकुंडीला आलो मी! तुला काय तोंड दाखवू, या विचाराने घास उतरेना (आमटीत मीठ परत आलं होतं तरी).

तेवढ्यात लोधिवलीचा पदू तांदूळ घेऊन आला. माझा जुना विद्यार्थी, भातशेती करतो. मशीनची हकिकत ऐकून टाकीत डोकावला नि म्हणाला, “गुरुजी, ही रोपं उपाशी हायत. रोप पिवळं पडलं का आमी आधी खत बघतो. तुमी पान्यातलं सगळंच काढून घेतलं, मंग त्यांनी खायाचं काय?”

अरे देवा! पाण्यात विरघळलेले क्षार, इयत्ता नववी. हा धडा मी स्वतः शिकवलेला, आणि याच प्रश्नाचे गुण कापून या पदूला मी नापास केलं होतं. तो ते विसरला असावा (नसावा, जाताना हसत होता).

त्या दिवसापासून नळाचं पाणी, दोन थेंब, सगळं तुझ्या कागदाबरहुकूम. महिन्याभरात नवी लाल पानं फुटली. जुनी गेली त्याबद्दल कान धरतो. येत्या रविवारी टाकी न्यायला येतेस ते कळलं. ये.

तुझा,
नानाकाका

ता. क. तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमधलं पाणी कसं आहे कोण जाणे. टाकीला इथलं आता मानवलंय. उगाच हलवू नये, असं माझं शास्त्रीय मत आहे. विचार कर, घाई नाही. (पण शनिवारपर्यंत कळव.)

ता. क. दुसरा. मी काकू लिहितेय, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून. शास्त्रबिस्त्र काही नाही गं. निवृत्त झाल्यापासून हे घरात दिवस दिवस बोलायचे नाहीत. हल्ली रोज सकाळी खुर्ची ओढून टाकीपुढे बसतात, आठ माशांची हजेरी घेतात आणि त्यांना नववीचं विज्ञान शिकवतात. तू येणार कळल्यापासून वर्ग बंद आहे. टाकी न्यायचीच असेल तर यांनाही गाडीत घाल. मशीन मात्र मागू नकोस. ते माझं आहे.