न जोडलेली तार

प्लॉव्दिव, रविवार

प्रिय वेलिचका,

तू पाठवलेली ल्युतेनित्साची बरणी मिळाली. त्या लाल मिरच्यांच्या चटणीचं झाकण अजून उघडलेलं नाही. तुझ्या हातचं खायची माझी लायकी नाही. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, की डोळ्यांवर भरवसा राहिला नाही, म्हणून आता डोंगरावरची कामं सोडून कचेरीत फायली लावणार. ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

आठवतं, धरणांवरच्या पाणीमापक खोक्यांसाठी आपण सात-आठ जणांनी ते छोटं कर्नल, म्हणजे खोकं चालवणारा मूळ प्रोग्रॅम, लिहायला घेतलं, तेव्हा तू चिडवायचीस, "ल्युबेन, तू आपला उंटावरून शेळ्या हाक, बर्फात तार घेऊन मी जाते!" खरंच होतं ते. त्या खोक्यांना पडदा नाही. लॅपटॉपपासून तार जोडायची, दोन्हीकडचा अक्षरं पाठवण्याचा वेग सारखा ठेवायचा, की खोकं बोलू लागतं. वेग चुकला तर नुसती अक्षरांची खिचडी. कुणी वेग सांगितलाच नाही, तर कर्नल आपणहून कोणता धरतं, एवढी एकच ओळ मला माहितीच्या पानावर लिहायची होती. मी लिहिलं, एक लाख पंधरा हजार दोनशे. आपल्या रिवाजाप्रमाणे खाली 'स्वतः तपासलं' म्हणून नाव घातलं. तार मी जोडलीच नव्हती. हल्ली बहुतेक ठिकाणी तोच वेग असतो, म्हणून ठोकून दिलं.

मार्चमध्ये स्मोल्यानच्या वरचं पाणी मोजायचं ठाणं वीज पडून गप्प झालं आणि तू गुडघाभर बर्फातून गेलीस. पानात पाहून वेग लावलास, लॅपटॉपच्या पडद्यावर खिचडी आली. खोकं जळलं म्हणून तू ते बदललंस आणि खाली उतरून मला फोन केलास. "दुसरा वेग लावून पाहिलास का?" असं मी विचारलं, तर तू हसलीस. "तू तपासलंयस ना? मग मी कशाला बघू?"

फोन ठेवून मी पहिल्यांदा तार जोडली. कर्नल नऊ हजार सहाशे धरत होतं. मी पानावरचा आकडा बदलला आणि बदलाच्या कारणाच्या जागी लिहिलं, 'शुद्धलेखनाच्या किरकोळ दुरुस्त्या'. त्यानंतरच्या सोमवारी कचेरीत तपासलं, तर तू काढून आणलेलं खोकं धडधाकट निघालं. काल्चेवसाहेबांनी सगळ्यांसमोर तेच पान उघडून तुला विचारलं, "बाई, इथं नऊ हजार सहाशे लिहिलंय. वाचता येतं ना?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "थकली असशील गं, होतं असं." त्या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. चूक कुणाचीही होते. पण मी तुला तुझ्याच डोळ्यांविषयी खोटं सांगितलं.

मंगळवारी तू बदलीच्या अर्जावर सही करणार आहेस, म्हणून हे आजच लिहितोय. उद्या हीच हकिगत माझ्या नावानं आपल्या सगळ्यांना आणि काल्चेवसाहेबांना जाईल. मग कुणी माझं 'तपासलं' मानणार नाही, आणि मानूही नये. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं. सोबत त्या पानाच्या दोन्ही प्रती आहेत, तारखांसकट. पहिल्या प्रतीवर, तू वाचलास तोच आकडा आहे. तुझे डोळे चांगले आहेत, वेलिचका.

'तुझाच' लिहायला हात धजत नाही,
ल्युबेन