शिक्क्यावर शिक्का

शनिवार, ९ मार्च

गेलेच नाही! बॅग गेली, पासपोर्टवर शिक्का बसला, सगळ्या तपासण्या पार पडल्या — आणि विमानात बसायची वेळ आल्यावर मी बाकावरून उठले. आता माझ्याच दुकानात, शिलाई मशीनवरचं कापडसुद्धा न काढता, हे लिहितेय.

कारण सांगितलं तर लोक हसतील. कात्री! एकतीस वर्षं हातातली. मोठी बॅग हरवली तर कात्री जायला नको, म्हणून शहाणपणा करून पर्समध्ये ठेवली. तपासणीवाल्याने काढून डब्यात टाकली. 'तिकडे काय करायचीय, मावशी?' म्हणाला. खरंच होतं त्याचं. चिरंजीवांनी दहादा बजावलंय, 'आई, इकडे आलीस की मशीन बंद. आता कायमचा आराम.' तासभर बाकावर बसले आणि तो आराम डोळ्यांपुढे यायला लागला. जेवायचं, खिडकीत बसायचं, सूनबाई कामावरून कधी येते त्याची वाट बघायची. नको वाटलं. पोराने वर्षभर खपून कागदपत्रं केली, खोली रंगवली, आणि मला नको वाटलं!

पण तिथून नुसतं उठून बाहेर येता येत नाही. ज्या बाईने पासपोर्टवर शिक्का मारला तिच्याकडेच परत जावं लागलं. तिला रडतरडत कात्रीची कथा सांगितली. तिने त्या शिक्क्यावर 'रद्द'चा शिक्का मारला, फोन करून माझी बॅग विमानातून उतरवली. अख्खं विमान चाळीस मिनिटं खोळंबलं माझ्यापायी. 'स्वखुशीने परत जात आहे' असं लिहून द्यायचं होतं, पण डोळ्यांतल्या पाण्याने मला कागदच दिसेना. 'राहू द्या मावशी, आधी पाणी प्या,' म्हणाली. हाताला धरून दारापर्यंत आणून सोडलं. कागद राहूनच गेला.

पोराला अजून कळवलेलं नाही. फोन बंद करून ठेवलाय.

रविवार, १० मार्च

सकाळी फोन सुरू केला तर लगेच त्याचाच. तिकडच्या विमानतळावर तीन तास उभा होता. 'आई, कुठे आहेस तू?' चाळिशीचा घोडा, पण आवाज रडवेला. आणि मी — उचलली जीभ, लावली टाळ्याला! 'शिक्का मारणाऱ्या बाईने अडवलं रे. कारणच सांगितलं नाही.'

'असं कसं अडवतात? तक्रार करतो मी.'

'जाऊ दे,' म्हणाले. दोनदाच म्हणाले.

सोमवार, ११ मार्च

केली पोराने तक्रार. खिडकीचा नंबर शिक्क्यावरच होता. मीच चष्मा लावून त्याला वाचून दाखवला!

शेजारचा चष्मेवाला, जाताना त्याच्याकडे ठेवलेली दुकानाची दुसरी किल्ली परत द्यायला आला. 'काकू, तुम्ही गेलात म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसलो होतो. भरपाई द्या!' मग विचारलं, कशाला अडवलं. त्यालाही तेच सांगितलं. म्हणजे आता गल्लीभर झालं.

मंगळवार, १२ मार्च

आज पोराचा फोन नाही. बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली.

बुधवार, १३ मार्च

फोन आला. आज आवाज शांत. 'आई, त्या दिवशी नक्की काय झालं, ते नीट सांग ना मला.'

आत्ता सांगावं, असं मनात आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण एक खोटं सावरायला दुसरं लागतंच. म्हणाले, 'माझ्यावर खेकसली रे ती. हाताला धरून बाहेर काढलं.'

हात धरला होता हे खरं. कशासाठी, ते माझं मला माहीत.

'हो का?' म्हणाला. मग जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

गुरुवार, १४ मार्च

उसन्या कात्रीने एक पँट आखूड केली. एक पाय बोटभर जास्तच कापला. कपाळ माझं!

शुक्रवार, १५ मार्च

त्या बाईकडे माझा 'स्वखुशीने'चा कागद नाही. माझी दया आली म्हणूनच घेतला नाही तिने! वरच्या साहेबाने विचारलं तर काय दाखवेल? तिचीही कुणी म्हातारी आई असेल, तिच्या पगारावर जगणारी. ताट बाजूला सरकवलं.

लिहायला बसले. 'मला कोणीही अडवलं नाही. मी स्वतःहून परत आले.' तीन कागद फाडले. चौथा पर्समध्ये ठेवलाय.

शनिवार, १६ मार्च

सकाळीच विमानतळावर गेले. दारावरच्या पहारेकऱ्याने आत निरोप दिला, बाई बाहेर आली. मी हात जोडले, कागद पुढे केला. तिने वाचला, घडी घालून परत दिला.

'तक्रार केव्हाच मागे घेतली तुमच्या मुलाने. मंगळवारी मीच त्यांना फोन करून सगळं सांगितलं, कात्रीचंसुद्धा. म्हणाले, आई स्वतः सांगेल मला. बोलला नाहीत का, मावशी?'

मंगळवारी!

आणि बुधवारी तो म्हणाला होता, नीट सांग ना मला.