आतून सोडलेलं कापड

६ एप्रिल
शिलाई मशीनला सुट्टी देऊन औंढ्याला, बालविवाह रोखणाऱ्या संस्थेच्या बैठकीला. स्वयंसेविका म्हणून नाव दिलं. काम एवढंच, कुठं लहान मुलीचं लग्न ठरलं की संस्थेच्या ताईंना फोन करायचा. "नाव गुप्त राहील," ताई म्हणाल्या. आमच्या गल्लीत कुणाच्या वरणाला फोडणी कशाची तेसुद्धा लपत नाही, तिथं गुप्त! तरी हात वर केला. येताना उगाच ऐटीत चालले.

९ एप्रिल
शेजारच्या कमलबाई पायलला घेऊन आल्या. नवरीचा ब्लाउज. अक्षय तृतीयेला लग्न, मामाच्या गावी, गुपचूप. पायल नववीत! खांद्याचं माप घेतलं, तर मीच शिवलेल्या शाळेच्या ड्रेसचंच. कमलबाई म्हणाल्या, "आतून कापड जास्त सोड बरं, सुमन. वाढून राहिली अजून."
मी हो म्हणाले. टाचणी बोटात घुसली.

१० एप्रिल
फोन नाही केला. यांना सांगितलं. "येडी झाली का तू? भिंतीला भिंत हाय. तुझ्याशिवाय गावात कोणाला माहीत हाय हे? तुझंच नाव येणार."
बरोबर आहे. माझ्या बाळंतपणात कमलबाईच तर रात्रंदिवस... जाऊ दे.

१३ एप्रिल
ब्लाउज मुद्दाम रेंगाळत ठेवलाय. आज पायल एकटीच आली.
"काकू, झाला का शिवून?"
"न्हाई अजून."
"मंग शिवूच नका ना."
एवढं बोलली अन् पळाली. लई भीती वाटते. तिच्यासाठी, अन् खरं सांगायचं तर माझ्यासाठी जास्त.

१५ एप्रिल
ताईंना फोन केला. कसंबसं सगळं सांगितलं. मग भरदुपारी आतून कडी लावून बसले.

१६ एप्रिल
गाडी आली. ताई, ग्रामसेवक, पोलीस. भिंतीपलीकडं आधी आरडाओरड, मग रडणं. अठरा पुरी होईपर्यंत लग्न लावणार नाही, अशा कागदावर सह्या घेतल्या म्हणे. लग्न मोडलं की नुसतं पुढं गेलं, कुणालाच सांगता येईना.
संध्याकाळी कमलबाई दारात. वाटलं, आता शिव्या. पण आवाज चढलाच नाही.
"ब्लाउज झाला का?"
"हुक राहिलेत."
"लावून ठेव. लागंल तवा नेईन. पण तारीख आता तुला सांगणार न्हाई."

१८ एप्रिल
हुक लावले नाहीत. कालपासून पायल अंगणात दिसली नाही. विचारायची हिंमत नाही. हे बाहेर गेले की भिंतीला कान लावते. भांड्यांचा आवाज येतो. तिचा येत नाही.