ढोलासाठी थांबलेला बास

सिल्वासा

तीर्थरूप नानांना दिगंबरचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इथे ठणठणीत आहोत. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये दिवाळीत तुम्ही वाजवलेला ढोल आहे. आमच्या कंपनीतल्या लखनने त्याला बास गिटारची साथ दिली, आणि दोन्ही आवाज जुळवायचं काम मी या वयात घरी कॉम्प्युटरवर शिकतो आहे. दोघेही जाड आवाजाचे, दोघांना एकच जागा हवी, अगदी आपल्या भाऊबंदांसारखं. बास थोडा पातळ केला तेव्हा ढोल मोकळा झाला. भाऊबंदांवर हा उपाय चालत नाही.

मी एक आगाऊपणाही केला. तुमची दुसरी थाप जरा मागून येते, म्हणून सगळ्या थापा ओढून कॉम्प्युटरवरच्या तालाच्या सारख्या अंतरावरच्या रेघांवर बसवल्या. रोहिणी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आपले नाना नाहीत हे. हे इथल्या सायली गावच्या कारखान्यातलं मशीन आहे." तुमची सून कौतुक कधी करत नाही, पण तिचा कान पक्का आहे.

मग तुमच्या थापा होत्या तशाच ठेवल्या आणि लखनचा बास मागे सरकवला. आता तो तुमच्यासाठी थांबतो.

पण नाना, शेवटाकडे थाप फारच मागे राहते. ती तुमची लकब आहे, की डावा हात पुन्हा बधिर होतो आहे? आईला विचारलं की ती पापडांचा विषय काढते.

थाप उशिरा पडली तरी आम्ही थांबू. डॉक्टरकडे मात्र वेळेवर जा.

तुमचा,
दिगू