आठवा शब्द

६ नोव्हेंबर १९६१, अकोला

नोकरी लागली. जठारपेठेत डॉक्टर केशवरावांचा कान-घशाचा दवाखाना आहे, तिथे मदतनीस म्हणून. अमरावतीच्या कॉलेजात एका प्राध्यापकाने माझ्या आडनावावरून टोमणा मारला, मी त्याचं हजेरीपुस्तक खिडकीबाहेर फेकलं. माफी माग म्हणाले. नाही मागितली, कॉलेज सोडलं. तेव्हापासून गावी, चांदूर रेल्वेला, बाबा माझ्याशी बोलत नाहीत, न बोलोत. माझी मैना इथल्या शाळेत मास्तरीण आहे, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. अजून काय पाहिजे माणसाला?

काम मजेचं आहे. मागच्या लांब खोलीत रोगी भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसतो, एका कानात बोट घालतो. त्याच्या मागे वीस फुटांवर खडूची रेघ. तिथे उभं राहून मी कार्डावरचे सात शब्द कुजबुजायचे. कापूस, पितळ, सत्तर, असे. त्याला जो ऐकू येईल तो त्याने म्हणायचा, मी लिहून घ्यायचा. खोलीत तिसरं कोणी नको, हा डॉक्टरांचा दंडक.

८ नोव्हेंबर

कापसाच्या जिनात तीस वर्षं काढलेला जानराव आज आला. यंत्रांनी कान खाल्लेत, जीभ शाबूत आहे. बसल्या बसल्या म्हणे, कालेजातून पयाला अन् इथं लोकायच्या कानात फुकून राह्यला काय बे. मलाही हसू आलं. सातपैकी दोनच शब्द त्याला कळले. मी कार्ड खाली ठेवलं, तेव्हा तो स्वच्छ म्हणाला: शहाजादी. म्हटलं, काका, हे कार्डावर नाही. तर माझ्यावरच उखडला, तूच तं म्हणलं, कानाजवळ येऊन.

मी रेघेवरून हललो नव्हतो.

डॉक्टर म्हणतात, बहिरे लोक अंदाजाने बोलतात.

संध्याकाळी मैना भेटली. उन्हाळ्यातल्या तापापासून तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. हेडमास्तरांना कळलं तर नोकरी जाईल. मी छातीठोकपणे सांगितलं, पुढच्या बुधवारी ये, मी आहे ना.

१० नोव्हेंबर

जानरावाला त्याच्या बायकोने आणलं. कालपासून आवाज नाही. ओठ हलतात, श्वास निघतो, आवाज नाही. डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला, औषधाचा बोळा फिरवला. घसा निरोगी आहे म्हणाले.

पुढची रोगी बांगड्या विकणारी बाई होती. कागदावर लिहायला नाव विचारलं. शहाजादी. माझा हात थांबला.

सात शब्द झाले. आठवा ती आपणहून म्हणाली: देवराव.

१३ नोव्हेंबर

शहाजादी बाजारात दिसली. आता हातातल्या बांगड्या वाजवून गिऱ्हाईक बोलावते.

आणि आज दर्यापूरहून एक देवराव आला. मी डॉक्टरांशी भांडलो, चाचणी घेणार नाही म्हणालो. नसेल घ्यायची तर घरी जा, म्हणाले. गेलो असतो. पण बुधवारी मैना यायची आहे, तिला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही. थांबलो.

मग एक केलं. रेघेवर उभा राहिलो आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. एकही शब्द म्हटला नाही. देवराव सातही शब्द बरोबर म्हणाला, एकामागून एक.

मग जरा थांबून: मैना.

१४ नोव्हेंबर

सकाळीच तिला चिठ्ठी पाठवली. सगळं लिहिलं, येऊ नको म्हटलं. दुपारी उत्तर: प्रोफेसरले भेला नाही अन् खुर्चीले भेतो काय. गुरुवारी शाळेत मास्तरांची डॉक्टरी तपासणी आहे, उद्या येणारच.

खुर्ची फोडली तर दुसरी येईल. खुर्चीचं नाही ते.

जो बसतो तोच पुढचं नाव बोलतो, आणि त्याचा आवाज जातो. मग तिच्या जागी मी बसतो. आणि नाव बोलत नाही, म्हणजे साखळी तिथेच तुटेल. माझ्याकडून आजवर कुणी नको ते वदवून घेतलेलं नाही, हा कोण लागून गेलाय.

१५ नोव्हेंबर, सकाळी

खोलीचं दार आतून लावलं. खुर्चीत बसलोय. वही मांडीवर, समोर भिंत. ये बे.

कापूस.

माझाच आवाज. माझाच, हुबेहूब.

पितळ — हे रेघेवरून नाही. जवळून. मागे बघणार नाही. भीतीने नाही, त्याला तेवढा मान द्यायचा नाही म्हणून.

चौथा. पाचवा. कानाला गार लागतंय —

सात झाले.

आता तिचं नाव. पुन्हा. पुन्हा तेच. ऐकतोय, म्हणत नाही. दात आवळलेत. हरशील तू —

मैना आली. बाहेर दार ठोकते, धर्मा उघड म्हणते, कोणाशी बोलून राह्यला म्हणते. मी नाही बोलत. ओरडून सांगायचं तर तोंड उघडावं लागेल. उठता येत नाही, पाय — पान फाडून दाराकडे फेकलं, परत जा लिहून. पोचलं नाही. अर्ध्यातच पडलं.

बोटं आहेत. मागून. माझ्या ओठांवर, आता दातांमध्ये — दात उघडतायत, मी नाही उघडत — जा मैना, जा, मी बोलणार ना—