आधी डोक्यात, मग कडेकडेनं

प्रिय चष्मेवाल्या,

निकाल लागला. आधी तुला कळवायचं ठरलं होतं, पण सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं, त्याला माझा इलाज नव्हता. या निकालावर आपलं दोघांचं काय अडून राहिलं होतं ते तुला माहीत आहे. त्याकडे येते, आधी कामाचं. आपलं प्रथिन पहिल्यांदा माशीच्या भ्रूणाच्या डोक्यात दिसतं, आतड्याभोवती नाही. तुझं बरोबर, माझं चूक. हे वाक्य हवं तर दुकानात फ्रेम करून लाव, फ्रेमा तुझ्याकडे पुष्कळ आहेत. रक्तपेशींची एक छोटी टोळी डोक्यातून निघते आणि चेतारज्जूच्या कडेकडेनं शेपटीकडे सरकते. जाईल तिथे, पेशींच्या बाहेर, ती हे प्रथिन मागे ठेवत जाते. आतड्याभोवती ते नंतर पोचतं, बारीक रेघेसारखं. मी ज्याला पहिला उजेड म्हणत होते तो आतड्यातल्या बलकाचा. बलक रंग न लावताही चमकतो, हे तू मला किती वेळा सांगितलंस, आणि दरवेळी वर म्हणालास की चमकतंय ते बलक आहे बाई, तुझं मत नव्हे.

रेघ इतकी स्वच्छ आली ती तू ठेवून गेलेल्या, प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या अँटिबॉडीमुळे. सशाच्या रक्तातून काढलेलं ते द्रावण एकदा वापरून झालं की तू फेकायचा नाहीस, परत नळीत भरायचास, आणि सर तुला कंजूष म्हणायचे. पण दरवेळी नको तिथे चिकटणारा भाग भ्रूणांवरच अडकून राहतो आणि उरलेलं अधिक नेमकं होत जातं. नळीवर तुझं अक्षर अजून आहे. तळाशी थोडंसं उरलंय. ससा तर केव्हाच गेला.

इकडे बाकी ठीक. तुझ्या स्टुलावर मी माश्यांच्या बाटल्यांचा ट्रे ठेवते, नाहीतर कोणीतरी येऊन बसतं आणि बोलायला लागतं. डबा जिन्यात बसून खाते. खोलीवर गेल्यावर केसांना माश्यांच्या खाण्यातल्या यीस्टचा वास येतो. पूर्वी तो दोघांच्याही केसांना यायचा, म्हणून कळायचा नाही. रविवारी आई फोनवर आधी माश्यांची खुशाली विचारते, मग माझी, आणि मग गप्प बसते. त्या गप्प बसण्यात तू असतोस. तिला मी काही सांगितलेलं नाही. परवा दिवसभरात मी मोठ्यानं एकच वाक्य बोलले, तेही गरगरणाऱ्या सेंट्रिफ्यूजला: थांब की जरा.

सर खूश आहेत. म्हणाले, आता पुढचं प्रथिन घ्या, आणखी तीन वर्षांची सोय करतो. नाहीतरी तुमचं लग्न या माश्यांशीच लागलंय. मी हसले आणि नाही म्हणाले. त्यांना ती मस्करी वाटली, म्हणून संध्याकाळी लेखी दिलं. तुझ्या दुकानाच्या रस्त्यावरच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये एक जागा आहे. चौकशी केली आहे, अर्ज केलेला नाही.

वडिलांचं दुकान सांभाळायला निघालास तेव्हा तू विचारलं होतंस, येतेस का. मी म्हणाले होते, निकाल लागू दे. लागत नव्हता तोवर ते उत्तर पुरत होतं. तुझी पत्रं गेल्या हिवाळ्यात थांबली, तेव्हा का ते मी विचारलं नाही. आता विचारते आहे. तुझा प्रश्न अजून आहे का? असेल तर माझं उत्तर हो आहे. नसेल तर तेही लिही, एका ओळीत चालेल, मी सांभाळून घेईन. फक्त गप्प राहू नकोस. नुसती काळी स्लाइड मला वाचता येत नाही. तिथे काही नव्हतंच, की रंग चढला नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

तुझीच (हा शब्द विचार करून लिहिला आहे),
माशीवाली